शस्त्रक्रियेनंतरचा दीर्घकाळचा पाठपुरावा : शस्त्रक्रिया केंद्र की फॅमिली डॉक्टर?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिली दोन वर्षे कोणाकडे दाखवायचे, हा प्रश्न सहसा पडत नाही. ज्या सर्जननी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडे आणि त्यांच्याच आहारतज्ज्ञांकडे ठरलेल्या तारखांना जायचे असते, आणि बहुतेक जण जातातही. प्रश्न उभा राहतो तो त्यानंतर. वजन बऱ्यापैकी स्थिरावलेले असते, भेटींच्या तारखा विरळ होत होत वर्षातून एकीवर आलेल्या असतात, आणि आयुष्यभर घ्यायच्या गोळ्या व आयुष्यभर करायच्या रक्ततपासण्या यांची देखरेख केंद्राकडेच ठेवावी की फॅमिली डॉक्टरांकडे सोपवावी, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. मी दोन्ही मार्गांनी काही वर्षे काढली आहेत. माझी शस्त्रक्रिया बायपासची आहे, म्हणजे जठराची लहान पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडण्याची. स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून ते नळीसारखे अरुंद करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी पुढील मजकूर आपल्या परिस्थितीशी ताडून पाहावा.

दोन्हीकडे न जाणे हा तिसरा मार्ग पुष्कळ जण काही न ठरवताच धरतात, आणि तो मात्र कोणीही धरू नये असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. या शस्त्रक्रियेनंतरच्या उणिवा उशिरा आणि गुपचूप येतात. बी१२ जीवनसत्त्वाचा यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे शोषण बिघडले तरी सुरुवातीचे अहवाल चांगलेच दिसतात, आणि उणीव जाणवू लागते तेव्हा कधी कधी पायांच्या मुंग्यांपर्यंत गोष्ट गेलेली असते. कॅल्शियमचे तर याहून फसवे आहे. आहारातून आणि गोळ्यांतून ते पुरेसे मिळाले नाही, तर शरीर ते हाडांतून काढून रक्तातील पातळी राखते. म्हणून रक्तातील कॅल्शियम व्यवस्थित असल्याचा अहवाल फारसा दिलासा देत नाही. हाडांतून कॅल्शियम काढायला लावणारे पॅराथायरॉइड संप्रेरक वाढले आहे का आणि ड जीवनसत्त्व किती आहे, हे सोबत पाहिल्यावरच खरी स्थिती कळते. तेव्हा कोणीतरी जाणकाराने वर्षातून एकदा हे सगळे एकत्र पाहणे आवश्यकच आहे. वाद आहे तो फक्त कोणी पाहावे याचा.

केंद्राच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे आणि ते मी मनापासून सांगतो. तिथे कोणत्या तपासण्या करायच्या हे रुग्णाला सांगावे लागत नाही. फेरिटिन (शरीरातील लोहाच्या साठ्याचे माप), फोलेट, बी१२, ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉइड संप्रेरक, गरजेप्रमाणे जस्त आणि तांबे, हे सारे एकाच कागदावर लिहून मिळते. जस्ताच्या गोळ्या दीर्घकाळ जास्त प्रमाणात घेतल्या तर तांब्याची उणीव होऊ शकते आणि तिची लक्षणे बी१२च्या उणिवेसारखी दिसतात, अशा गोष्टी तिथल्या माणसांना रोजच्या कामातून ठाऊक असतात. दुसरी बाब पोटदुखीची. बायपासनंतर आतड्याच्या नव्या मांडणीत ज्या फटी राहतात त्यांत आतडे अडकून अंतर्गत हर्निया होऊ शकतो. तो अनेकदा वजन उतरल्यानंतर, वर्ष-दोन वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा उद्भवतो. दुखणे येते आणि जाते, सीटी स्कॅनमध्येही कधी काही दिसत नाही, आणि इतरत्र त्याला पित्ताचा त्रास समजून गोळ्या दिल्या जाण्याचा धोका असतो. बायपास करणाऱ्या सर्जनच्या मनात ही शंका पहिल्यांदा येते. या एका कारणासाठी केंद्राशी असलेले नाते कोणीही पूर्ण तोडू नये.

मग मी तिथून का निघालो? तिथल्या उपचारांत काही खोट होती म्हणून नव्हे. ज्या गोष्टीने माझ्यापुरता निर्णय केला ती वरवर किरकोळ वाटेल, पण मला ती वर्षानुवर्षे टोचत राहिली. ती गोष्ट म्हणजे वेदनाशामक गोळ्या.

बायपासनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन या जातीच्या गोळ्या टाळायच्या असतात, कारण जठराची लहान पिशवी आणि आतडे यांच्या जोडावर त्यामुळे व्रण होऊ शकतो, आणि तो रक्तस्रावापर्यंत किंवा छिद्रापर्यंत जाऊ शकतो. हे बायपास झालेल्या बहुतेकांना माहीत असते. माहीत असून उपयोग किती होतो, हा माझा प्रश्न आहे. दाढ काढली की दंतवैद्य गोळ्या लिहून देतात, पाठ धरली की अस्थिरोगतज्ज्ञ लिहून देतात, पाय मुरगळला की आणखी कोणी. मी प्रत्येकाला बायपासचे सांगत असे. कोणी तेवढी गोळी खोडत, कोणी सोबत आम्ल कमी करणारी गोळी जोडून देत आणि चालेल म्हणत, तर कोणी गोळीऐवजी इंजेक्शन सुचवत. इंजेक्शनने हा धोका टळत नाही. औषध रक्तातून जाऊनच जठराच्या आणि आतड्याच्या अस्तराचे संरक्षण कमी करते, मग ते कोणत्याही वाटेने शरीरात जावो. शिवाय पॅरासिटामॉलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काही संयुक्त गोळ्यांत डायक्लोफिनॅकही असते, आणि ते पट्टीवरचे बारीक अक्षर वाचल्याशिवाय समजत नाही.

अशा वेळी मी केंद्रात फोन करत असे. फोन स्वागतकक्षात घेतला जाई, निरोप लिहून घेतला जाई, आणि उत्तर येई तोवर एक-दोन दिवस गेलेले असत. आलेले उत्तर प्रत्येक वेळी अचूक असे, हेही नोंदवायला हवे. पण दाढ काढल्याच्या रात्री ज्याला उत्तर हवे आहे त्याला ते परवा मिळून काय उपयोग? औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर पट्टी हातात धरून उभे असताना, ही घ्यावी की न घ्यावी, हे त्या क्षणी सांगणारे कोणी नसणे, याचा मला जितका त्रास झाला तितका वार्षिक भेटीच्या कोणत्याही गैरसोयीचा झाला नाही. आणि हा प्रसंग एकदाच येऊन संपत नाही. शस्त्रक्रियेला जितकी वर्षे होतात तितके वयही वाढते, गुडघे आणि दात आपापल्या तक्रारी घेऊन येतात, आणि औषधे लिहून देणारे हात वाढत जातात.

इथूनच माझ्या विचाराचा काटा हळूहळू झुकला. दीर्घकाळच्या देखरेखीत वार्षिक भेटीइतकेच, किंबहुना माझ्या मते थोडे अधिकच महत्त्व मधल्या काळात इतरांनी लिहून दिलेल्या औषधांवर कोणाची नजर आहे, याला आहे. ती नजर केंद्राची असू शकत नाही, कारण ती औषधे त्यांच्यासमोर येतच नाहीत. माझ्या फॅमिली डॉक्टरांसमोर ती येतात. मी गोळीच्या पट्टीचा फोटो पाठवतो आणि बहुधा त्याच दिवशी उत्तर मिळते. रक्तदाबाच्या गोळीचे प्रमाण उतरलेल्या वजनाप्रमाणे कमी करायला हवे हे त्यांनीच उभे राहताना येणारी चक्कर ऐकून ओळखले. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात काही तासांचे अंतर हवे, लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही म्हणून त्यांच्यात किमान २ तास जाऊ द्यावेत, मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ चालू असतील तर बी१२ आणखी उतरू शकते, असे सगळे धागे ज्याच्या हातात एकत्र येतात असा माणूस माझ्या बाबतीत तेच ठरले आहेत. लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सीचा, म्हणजे गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा प्रत्यक्षापेक्षा वाढलेला दिसू शकतो, हेही मधुमेह आणि रक्तक्षय दोन्ही एकाच टेबलावर पाहणाऱ्यालाच चटकन सुचते.

त्यांच्या बाजूची उणीवही तितकीच स्पष्ट लिहितो. पहिल्या वर्षी त्यांनी हिमोग्लोबिन, साखर आणि चरबीचे प्रमाण एवढ्याच तपासण्या लिहिल्या होत्या. फेरिटिन आणि पॅराथायरॉइड संप्रेरक यांची आठवण मला करून द्यावी लागली. रुग्णाने डॉक्टरांना तपासणीचे नाव सुचवणे अवघड असते, आणि सगळेच डॉक्टर ते सहज घेतील असेही नाही. ‘सगळे नॉर्मल आहे’ हे वाक्यही मला पुरेसे वाटत नाही. प्रयोगशाळेने छापलेल्या मर्यादेच्या आत असूनही फेरिटिन दरवर्षी थोडे थोडे उतरत असेल, तर ते या शस्त्रक्रियेनंतर दखल घेण्याजोगे असते. यावर मला उपयोगी पडलेला उपाय साधा आहे. केंद्रातील शेवटच्या नियमित भेटीत मी वार्षिक तपासण्यांची यादी, गोळ्यांची प्रमाणे आणि कोणत्या लक्षणांवर लगेच केंद्राकडे पाठवायचे, हे त्यांच्याकडून लिहून घेतले आणि तो कागद फॅमिली डॉक्टरांच्या केसपेपरला लावून दिला. गेल्या वर्षांचे आकडे एका रांगेत मांडलेला तक्ता मी दरवेळी सोबत नेतो. डॉक्टरांनी ते मनावर घेतले आणि पुढच्या वर्षी यादी त्यांनीच काढून समोर ठेवली. तुमचे डॉक्टर असा कागद बाजूला सारणारे असतील, तर माझा सारा कल तुमच्या कामाचा नाही.

ही विभागणी माझ्या मनाने काढलेली नाही. ब्रिटनमधील नाइस या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१४च्या मार्गदर्शनात किमान २ वर्षे बेरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेच्या सेवेत पाठपुरावा आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा पोषणाची तपासणी, तीही सामायिक देखरेखीच्या पद्धतीने, अशीच शिफारस होती. गोळ्यांची प्रमाणे ठरवताना अमेरिकेतील बेरिॲट्रिक सर्जनांच्या संघटनेचे २०१६चे आकडे फॅमिली डॉक्टरांसमोर ठेवता येतात. बायपास किंवा स्लीव्हनंतर आहार धरून दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, बी१२ तोंडावाटे रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन, आणि मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांना व बायपास किंवा स्लीव्ह झालेल्यांना रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह, असे ते सांगतात. कॅल्शियम सायट्रेटच्या रूपात घेणे बायपासनंतर सोयीचे, कारण त्याच्या शोषणाला जठरातील आम्लाची गरज लागत नाही. प्रत्येकाची मात्रा अहवाल पाहून बदलते, म्हणून हे आकडे डॉक्टरांशी बोलायला घ्यावेत, स्वतः गोळ्या ठरवायला नव्हे.

वजनकाट्याबद्दलही थोडे लिहायला हवे. केंद्रातील भेट वजनाने सुरू होते, आणि ते योग्यही आहे. पण वजन सर्वांत खाली गेल्यानंतर पुढे काही किलो परत चढणे बहुतेकांच्या बाबतीत घडते, आणि मी पाहिले आहे की नेमके ज्यांचे वजन चढले तेच केंद्रात जायचे टाळतात. त्यांना तिथे कोणी बोलेल अशी भीती असते; खरे तर बहुतेक ठिकाणी कोणी बोलत नाही. तरीही पाय मागे राहतो, आणि वजनासोबत रक्ततपासणीही राहून जाते. फॅमिली डॉक्टरांकडे माणूस तापासाठी, खोकल्यासाठी, घरातल्या कोणाला तरी घेऊन असा जातच असतो, आणि त्यातच ‘तपासणीला वर्ष झाले’ ही आठवण निघते. माझ्या ओळखीच्या ज्यांची तपासणी सलग चालू राहिली, त्यांतल्या बहुतेकांची ती अशीच राहिली आहे. दूरध्वनीवरून किंवा व्हिडिओवरून होणाऱ्या भेटींचा पर्याय आहारतज्ज्ञांशी बोलण्यापुरता मला चांगला वाटला. पोट हाताने तपासण्याची जागा तो घेऊ शकत नाही.

काही जणांनी मात्र केंद्रच धरून राहावे असे मला वाटते. ड्युओडिनल स्विचसारखी, आतड्याचा मोठा भाग वळवणारी शस्त्रक्रिया झालेल्यांना अ, ई, के ही जीवनसत्त्वे आणि प्रथिने यांचीही बारीक देखरेख लागते. ती सर्वसाधारण दवाखान्यात होणे कठीण आहे. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी आधी केंद्राशी बोलावे. बायपासनंतर ग्लुकोज पिऊन करायची मधुमेहाची चाचणी डम्पिंगमुळे, म्हणजे गोड पदार्थ झपाट्याने आतड्यात उतरून होणाऱ्या त्रासामुळे, त्रासदायक ठरू शकते आणि तिच्याऐवजी काही दिवस घरी साखर मोजण्याचा मार्ग घेतला जातो, हे प्रसूतितज्ज्ञांना कोणीतरी कळवावे लागते. स्लीव्हनंतर छातीत जळजळ वाढत असेल, तर एंडोस्कोपीचा निर्णय सर्जनकडेच शोभतो. जेवणानंतर एक ते तीन तासांनी घाम, थरथर आणि गोंधळल्यासारखे होत असेल, तर साखर उतरण्याचा तो प्रकार ओळखणारी नजर तिथेच सापडण्याची शक्यता अधिक. आणि सतत उलट्या होत असतील तर कोणाकडेही, पण त्याच दिवशी जावे, कारण बी१ जीवनसत्त्वाचा साठा काही आठवड्यांतच संपतो. शिरेतून ग्लुकोज लावण्याआधी बी१ द्यायला हवे, हे तिथल्या डॉक्टरांना बायपासचे नाव सांगून स्पष्ट बोलावे.

फॅमिली डॉक्टरांकडे वळायचे ठरवलेच, तर त्याआधी केंद्रातून शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद मागून घ्यावी. केवळ डिस्चार्ज कार्डावर भागवू नये. शस्त्रक्रिया नेमकी कोणती, आतड्याचा किती लांबीचा भाग वळवला, फटी शिवल्या होत्या का, पित्ताशय काढले की ठेवले, हे तपशील पुढे एखाद्या रात्री अनोळखी सर्जनला लागतील. सर्जन जागा बदलतात, जुने कागद सापडेनासे होतात, म्हणून ही नोंद केंद्राशी नियमित संबंध असतानाच मागावी आणि तिची एक प्रत फोनमध्ये ठेवावी.