रॅली.टीव्ही : संघ बदलणाऱ्या चालकांचा खेळ घरबसल्या पाहताना

रॅली टीव्हीवर दाखवणे हे बंदिस्त ट्रॅकवरची शर्यत दाखवण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. ट्रॅकवर सगळ्या गाड्या एकत्र धावतात आणि जो पुढे असतो तो पुढे दिसतो. रॅलीत प्रत्येक गाडी काही मिनिटांच्या अंतराने एकटीच सुटते, जंगलातून किंवा डोंगरातून शेकडो किलोमीटरच्या स्टेजेस, म्हणजे वेळ मोजला जाणारे रस्त्याचे टप्पे, तीन-चार दिवसांत पार करते, आणि कोण आघाडीवर आहे हे फक्त घड्याळ सांगते. त्यामुळे कितीतरी वर्षे प्रेक्षकांच्या वाट्याला दिवसाअखेरीचे अर्ध्या तासाचे संकलन आणि रविवारची शेवटची, जादा गुण देणारी ‘पॉवर स्टेज’ एवढेच येत असे. 2018 मध्ये जागतिक रॅली स्पर्धेच्या प्रवर्तकांनी ‘ऑल लाइव्ह’ या नावाने प्रत्येक स्टेजचे थेट प्रक्षेपण सुरू केले आणि 2023 मध्ये तीच सेवा रॅली.टीव्ही या नव्या नावाने समोर आली. हे परीक्षण त्या सेवेचे आहे.

सेवेचे खरे बळ तिच्या सलगपणात आहे. हेलिकॉप्टर, ड्रोन, रस्त्याकडेचे कॅमेरे आणि गाडीतला कॅमेरा यांची दृश्ये आलटून पालटून येतात आणि पडद्याच्या कडेला स्टेजच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या वेळा सतत बदलत राहतात. सवय झाली की नजर आपोआप गाडीवरून त्या आकड्यांकडे वळते. आठ किलोमीटरवर 1.2 सेकंदांनी मागे असलेला चालक चौदाव्या किलोमीटरला अर्ध्या सेकंदाने पुढे गेलेला दिसला, की त्या मधल्या सहा किलोमीटरमध्ये त्याने काय केले असेल याचे कुतूहल वाटते, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा गाडीतल्या कॅमेऱ्यात सापडते. स्टिअरिंगवर चालकाचे हात अखंड झटापट करत असतात. शेजारी सहचालक मान खाली घालून वहीतल्या नोट्स वाचत असतो, धक्क्यांनी वही हलते, पान उलटले जाते, पण आवाजाची लय तुटत नाही. वळण डोळ्यांना दिसण्याआधीच त्याचा उच्चार होऊन गेलेला असतो. हे जितका वेळ सलग पाहायला मिळते तितके या खेळातले कौशल्य अधिक कळते. संकलनात हे कधीच उतरत नव्हते.

ज्युलियन पोर्टर आणि बेक्स विल्यम्स यांचे समालोचन हा या सेवेचा दुसरा मोठा आधार आहे. दोघांनाही मागचे हंगाम तोंडपाठ आहेत आणि रस्ता खडीचा असेल तर पहिल्या क्रमांकाने सुटणाऱ्या गाडीला मोकळी माती झाडत जावे लागते, तिचा वेळ कसा वाया जातो आणि मागच्यांना त्याचा फायदा कसा होतो, हे ते नवख्या प्रेक्षकाला न कंटाळता समजावून सांगतात. ही गोष्ट कळल्याशिवाय शुक्रवारचे निकाल वाचताच येत नाहीत.

मात्र मला ही सेवा सर्वांत मोलाची वाटते ती वेगळ्याच कारणासाठी. चालक संघ का सोडतात, हे तिच्यामुळे आतून समजते. 2022 ची अ‍ॅक्रोपोलिस रॅली आठवा. ह्युंदाईचे तीनही चालक पहिल्या तीन स्थानांवर होते : थिएरी नूव्हील पहिला, ओट तॅनाक दुसरा, डानी सोर्डो तिसरा. विजेतेपदाच्या गुणतक्त्यात टोयोटाच्या कॅले रोव्हानपेराच्या पाठीमागे तॅनाक होता, तरीही त्याला जास्त गुण मिळावेत म्हणून संघाने क्रम बदलायला सांगितले नाही. कागदावर तो ह्युंदाईचा सोनेरी दिवस होता. पण स्टेज संपल्यावर हेल्मेटही न काढलेल्या तॅनाकसमोर माइक येतो आणि तो मोजक्या शब्दांत उत्तर देऊन गप्प होतो, तेव्हा बातमीच्या चार ओळींत न सापडणारे काहीतरी प्रेक्षकाला दिसते. हंगाम संपल्यावर तो फोर्डच्या गाड्या उतरवणाऱ्या एम-स्पोर्ट या संघात गेला, 2023 मध्ये तिथे स्वीडन आणि चिली जिंकला आणि 2024 साठी पुन्हा ह्युंदाईत परतला. निष्ठेच्या साध्या मोजपट्टीने हा प्रवास अस्थिर ठरेल. पण या सगळ्या बदलांत त्याच्या शेजारच्या आसनावर मार्टिन यार्व्हेओया हाच माणूस होता, आणि माझ्या मते रॅलीतली खरी निष्ठा चालक आणि सहचालक यांच्यातली असते.

अर्थात संघाला धरून राहणारेही आहेत. सेबास्तियन लोबने 2004 ते 2012 अशी सलग नऊ विजेतेपदे सिट्रोएनमध्येच मिळवली. नूव्हील 2014 पासून ह्युंदाईत आहे. पाच वेळा उपविजेता राहून तो 2024 मध्ये जपानच्या रॅलीत जगज्जेता झाला. ते प्रक्षेपण या सेवेचे सर्वोत्तम रूप होते. रविवारी सकाळी आघाडीवर असलेल्या, आणि विजेतेपदासाठी नूव्हीलचा एकमेव प्रतिस्पर्धी उरलेल्या, तॅनाकची गाडी रस्ता सोडून गेली आणि त्या क्षणी त्याच्याच संघातल्या नूव्हीलचे विजेतेपद निश्चित झाले. पण त्याच अपघाताने ह्युंदाईचे उत्पादकांचे, म्हणजे गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांसाठीचे, विजेतेपद धोक्यात आले आणि अखेर टोयोटाने ते अवघ्या 3 गुणांनी नेले. एकाच संघाच्या तंबूत एका बाजूला आयुष्यभराचे स्वप्न पुरे झालेला माणूस आणि दुसऱ्या बाजूला सेकंदांचा हिशेब करणारे अभियंते, असे दृश्य कोणत्याही संकलनात बसले नसते, कारण ते समजायला सकाळपासूनचे सगळे तास पाहिलेले असावे लागतात.

आता उणिवांकडे. ही वाहिनी स्पर्धेच्या प्रवर्तकांचीच आहे, त्यामुळे करारांच्या घडामोडींवर ती शोधक पत्रकारिता करील अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. तरीही या खेळात चालकांच्या हालचालींवर संघांचे अस्तित्व अवलंबून असते, याचे भान तिने अधिक ठेवायला हवे, असे मला मनापासून वाटते. फोक्सवॅगनने 2016 च्या अखेरीस माघार घेतली तेव्हा चार वेळचा जगज्जेता सेबास्तियन ओजिए एम-स्पोर्टच्या तुलनेने छोट्या संघाकडे गेला आणि त्याने त्यांना सलग दोन वर्षे चालकांचे विजेतेपद मिळवून दिले. 2019 च्या अखेरीस तो सिट्रोएन सोडून निघाला, आणि कंपनीने त्याचे जाणे हे कारण सांगूनच रॅलीतला आपला कार्यक्रम बंद केला. एका चालकाच्या निर्णयाने कंपनीचा अख्खा अधिकृत संघ थांबतो, ही साधी बाब नव्हे. दोन स्टेजेसच्या मधल्या निवांत वेळात चालकांचे हलकेफुलके खेळ दाखवण्याऐवजी करार कसे होतात, अर्धवेळ कार्यक्रम म्हणजे काय, उत्पादकांच्या गुणांसाठी संघ कोणाची नावे का देतो, यावर वीस मिनिटे बोलले गेले तर प्रेक्षक जास्त जाणता होईल. ओजिएने काही रॅली न खेळूनही 2025 मध्ये नववे विजेतेपद मिळवून लोबशी बरोबरी केली. असा हंगाम आखला कसा जातो, हे जाणून घ्यायला कोणाला आवडणार नाही?

दुसरी तक्रार छोट्या गाड्यांच्या गटाविषयी. रॅली2 या दुसऱ्या फळीच्या गटातले चालक उद्याचे पहिल्या फळीतले चालक असतात. ऑलिव्हर सोल्बर्ग त्याच गटातून 2025 मध्ये एस्टोनियात बदली चालक म्हणून टोयोटाच्या मोठ्या गाडीत बसला आणि थेट जिंकला. पहिल्या फळीच्या गाड्या निघून गेल्यावर कॅमेऱ्याने या मुलांसाठी आणखी थोडा वेळ थांबावे. खराब हवामानात हेलिकॉप्टर आणि गाडीतून येणारी दृश्ये अडखळतात, पण डोंगरावर धुके उतरल्यावर तो दोष कोणाच्याच माथी मारता येणार नाही.

फक्त निकाल हवा असणाऱ्याला या सेवेची गरज नाही. ज्याला शनिवारी सकाळी सात सेकंदांची आघाडी टिकेल का हे पाहत बसायला आवडते, त्याने ती जरूर घ्यावी, आणि वर्षभराची वर्गणी भरण्याआधी एका महिन्यासाठी घेऊन खडीच्या रस्त्यांवरची एक रॅली शुक्रवारपासून रविवारपर्यंत पूर्ण पाहावी. 2025 च्या हंगामानंतर रोव्हानपेरा रॅली सोडून ट्रॅकवरच्या शर्यतींकडे वळला, तॅनाकने पूर्णवेळ स्पर्धेतून विश्रांती घेतली आणि सोल्बर्ग टोयोटात आला. नव्याने पाहू लागणाऱ्याला यापेक्षा चांगली वेळ सहसा मिळत नाही.