मॉरिशसच्या रजिस्टरात जिल्हा सिंधुदुर्ग!

१८४१ साली मॉरिशसला उतरलेल्या माणसाच्या नोंदीत ‘जिल्हा सिंधुदुर्ग’ असं छापलेलं होतं. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधी आमचा मालवण तालुका रत्नागिरीत होता, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. पण हा कागद हातात पडेपर्यंत घरातून १८,००० रुपये गेले होते.

खापरपणजोबांचे थोरले भाऊ भिकाजी मुंबईहून जहाजात बसून उसाच्या मळ्यावर गेले ते परतले नाहीत, एवढंच आमच्या घरात माहीत. आत्या ८४ वर्षांची. त्यांचं पुढे काय झालं हे तिला कळायला हवं होतं. त्यात व्हॉट्सॲपवर जाहिरात आली: मॉरिशस, फिजीतल्या पूर्वजांच्या नोंदी शिक्क्यासह मिळवून देऊ. माणूस बोलायला गोड, आत्याशी तर चक्क मालवणीत बोलला. आधी कुणबी नोंदी आणि मोडी वाचनाची कामं करायचो म्हणाला. नाव, वडिलांचं नाव आणि गाव घेतलं आणि आठवड्याच्या आत फोन: “काका, रेकॉर्ड गावलं!”

खरी मेख इथेच आहे. १८३४ ते १९२० च्या दरम्यान साडेचार लाखांवर गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, मॉरिशसला गेले. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरणाऱ्याला एक क्रमांक मिळायचा आणि रजिस्टरात नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जहाज, मळा असं लिहिलं जायचं. आडनाव बहुधा नसायचंच; पुढे बापाचं किंवा आजाचं नावच तिकडे आडनाव होऊन बसलं. गावांची नावं कारकुनाच्या कानाला जशी लागली तशी. नुसता ‘भिकाजी, रत्नागिरी’ शोधायला गेलात तर किती भिकाजी निघतील! म्हणून खरा शोध उलटा चालतो. तिकडचे वंशज आपल्या आजा-पणजाचे जन्म-विवाहाचे दाखले काढतात, त्यांतून तो क्रमांक काढतात आणि तो घेऊन मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जातात. मूळ रजिस्टरं तिथे आहेत. क्रमांक नसताना आठवड्यात नोंद ‘गावते’ म्हणजे ती घरी बसून टाईप केलेली असते.

आमच्या कागदावर आडनाव होतं, तेही आजच्या आधार कार्डावरच्या स्पेलिंगनं. वर एक फोटो, पागोटं घातलेला तरुण. मॉरिशसमध्ये मजुरांचे फोटो काढायला लागले १८६० च्या दशकात. शिवाय १८३९ ते १८४२ या काळात तिकडे मजूर न्यायलाच सरकारची बंदी होती. म्हणजे बंद दारातून आलेला माणूस, वीसेक वर्षं आधी काढलेल्या फोटोसह! जिल्ह्याचं विचारल्यावर उत्तर आलं, “अहो काका, तिकडच्या ऑफिसनं आत्ताच्या जिल्ह्याप्रमाणे अपडेट केलंय.” एवढ्या थंडपणे खोटं बोलणं हीसुद्धा एक कलाच.

त्यानं आत्याला परस्पर फोन करून पुढची मागणी केली, ती जास्त वाईट. भिकाजींचा पणतू सापडलाय, त्याला तुम्हाला भेटायचंय, पण नातं जुळवायला तुमच्या सगळ्यांचे आधार, शाळा सोडल्याचे दाखले आणि जुना सातबारा पाठवा. लंडनहून जहाजाची यादी मागवायला आणखी २५,०००. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती मुर्मू यांनी सातव्या पिढीतल्या भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांनाही ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळेल असं जाहीर केलं, तेव्हापासून अशा कागदांना भाव आला असणार असा माझा अंदाज. आपले दाखले कुणाच्या वंशावळीत चिकटवले जातील, सांगता येत नाही. आत्या कपाटातून दाखले काढतच होती.

आम्ही काहीच पाठवलं नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन केला, सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. पैसे ज्या खात्यात गेले ते तिसऱ्याच कुणाचं, आणि रिकामं. बनावट उतारा, व्हॉट्सॲपचे संदेश, यूपीआयची पावती हे सगळं जपून ठेवलं म्हणून तक्रार तरी नीट लिहिता आली. चिडून चॅट उडवू नका.

ज्यांना खरंच शोधायचंय त्यांनी आधी इकडचं बघावं. तहसीलात गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक, जन्म-मृत्यूची जुनी वही असते, जुने फेरफार असतात. गेलेल्या माणसाचं नाव तिथे क्वचितच मिळेल, पण मागे राहिलेल्या भावांची नावं मिळतात. तिकडून कुणी वंशज शोधत आला तर जुळवायला तीच उपयोगी. मॉरिशसमध्ये मराठी संस्था आहेत, गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. लोक मनमोकळे आहेत, साधं पत्र लिहिलं तरी चालतं. आम्ही तसंच एक पाठवलंय.

त्या माणसाचा नंबर पुन्हा सुरू झालाय, नाव बदललंय. आता त्रिनिदाद आणि सुरीनामही करून देतो म्हणे.