झाडं मस्त, पण मांजर असेल तर आधी वाचा

जळगावातल्या हायवेकडच्या एका नर्सरीतून डिसेंबरमध्ये एशियाटिक लिलीच्या दोन कुंड्या अन् एक डिफेनबेकिया आणला, झाडं एकदम टवटवीत, माती चांगली, भाव पण रास्त. घरी मांजर आहे, चालेल ना असं मी स्पष्ट विचारलं होतं, तर म्हणे "काही नई व्हत ताई".

तिसऱ्या दिवशी चिंगीच्या मिशांना पिवळे परागकण, मग उलट्या, खाणं बंद. डॉक्टरांनी लगेच सलाईन लावलं म्हणून वाचली. लिलीचं पान, फूल, अंगावरचे पराग चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी मांजराची किडनी 1 ते 3 दिवसात फेल होऊ शकते, मला हे माहितीच नव्हतं. डिफेनबेकियाने तोंडाची आग होते, लाळ गळते. अंगणातली कण्हेर तर हृदयावरच जाते, अन् ती आपल्याकडे घरोघरी!

झाडांना 4 स्टार, माहितीला शून्य, म्हणून एकूण 2. भाऊ, कुंडीवर साधी चिठ्ठी लावा ना. आता अरेका पाम अन् स्पायडर प्लांट घेतले, ते मांजराला विषारी नाहीत, चिंगी पानं कुरतडते तरी जीव घाबरत नाही.