प्लेटो आधी वाचावा की ॲरिस्टॉटल?

माणसाचा स्वभाव आणि समाज याविषयी ग्रीकांचं एकच पुस्तक वाचायचं असेल, तर निवड बहुधा दोघांत अडकते: प्लेटोचं 'रिपब्लिक' की ॲरिस्टॉटलचं 'निकोमाकियन एथिक्स'. दोन्ही इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातली, दोन्ही दहा-दहा भागांची. लेखक तर गुरू-शिष्यच. ॲरिस्टॉटल सतराव्या वर्षी उत्तरेकडच्या स्टॅगिराहून अथेन्सला आला आणि प्लेटोच्या अकादमी या शाळेत वीस वर्षं राहिला. तरीही दोघांचा पिंड अगदी वेगळा.

वाचनाची गोडी म्हणाल, तर प्लेटोला तोड नाही. पिरिअस बंदरातला उत्सव बघून सॉक्रेटिस परत निघालाय, ओळखीची मंडळी त्याला अडवून घरी नेतात, आणि गप्पांच्या ओघात प्रश्न निघतो की न्याय म्हणजे काय. थोड्या वेळाने थ्रॅसिमॅकस नावाचा वक्तृत्वाचा शिक्षक तावातावाने मध्ये घुसतो. त्याचं म्हणणं, न्याय म्हणजे बळी तो कान पिळी, बाकी सगळी शोभा. पुढे प्लेटोचा भाऊ ग्लॉकन अंगठीची गोष्ट सांगतो: लिडियातल्या एका मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी मिळते आणि तो राणीला वश करून राजाला मारतो. पकडलं जाण्याची भीतीच नसेल तर सज्जन माणूस तरी सज्जन राहील का? उरलेलं सगळं पुस्तक म्हणजे या प्रश्नाचं लांबलचक उत्तर आहे.

ते उत्तर देताना प्लेटो आधी नगर रचतो आणि त्यात माणूस शोधतो. नगरात राज्यकर्ते, सैनिक आणि उत्पादक असे तीन वर्ग, तसे मनातही बुद्धी, आवेश आणि वासना असे तीन भाग. चौथ्या भागातला लिऑन्टियस मला या सगळ्या सिद्धांताहून जास्त पटतो. तटाबाहेर फाशीगराजवळ प्रेतं पडलेली दिसतात. बघू नये असं वाटतं, बघावंसंही वाटतं. शेवटी तो धावत जातो आणि स्वतःच्याच डोळ्यांना म्हणतो, घ्या, बघा पोटभर! अपघाताभोवती जमणारी गर्दी ज्याने पाहिली आहे, त्याला हा माणूस वेगळा समजावून सांगायला नको. आठवा भागही असाच. लोकशाहीतून हुकूमशहा कसा उभा राहतो हे तिथे वाचताना वर्तमानपत्र वाचल्यासारखं वाटतं.

आराखडा मात्र जाचक आहे. राज्यकर्त्यांना स्वतःचं घर नाही, कुटुंब नाही, मुलं सगळ्यांची मिळून. ॲरिस्टॉटलने आपल्या 'पॉलिटिक्स'मध्ये याची चांगली हजेरी घेतली आहे: अशा व्यवस्थेत कुणाचा तरी मुलगा असण्यापेक्षा कुणाचा तरी सख्खा चुलतभाऊ असणं बरं. पण स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने शिकवून राज्यकारभारात घेणारा प्लेटो, आणि त्यांना कायम पुरुषाच्या हुकमाखाली ठेवणारा, काही माणसं जन्मतःच गुलाम असतात असं मानणारा ॲरिस्टॉटल. इथे शिष्य गुरूपेक्षा मागे पडला.

ॲरिस्टॉटल वाचायला रुक्ष. बहुधा ही व्याख्यानांची टिपणंच असावीत. ना पात्रं, ना प्रसंग. पण रोजच्या वागण्याविषयी बोलतो तो हाच. घर बांधून बांधून गवंडी होतो, तसा धीराची कामं करून करून माणूस धीट होतो, हा त्याचा पाया. भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्या मधलं ते शौर्य. पण हा मध्य पट्टीने मोजायचा नव्हे. मायलो पहिलवानाला जो खुराक कमी पडेल, तोच नवशिक्याला जास्त होईल. आपण कुठल्या बाजूला झुकतो ते ओळखावं आणि मुद्दाम उलट बाजूला ओढ घ्यावी, वाकलेलं लाकूड सरळ करतात तशी, हा त्याचा सल्ला मला सगळ्यात उपयोगी वाटतो. मैत्रीला त्याने दोन अख्खे भाग दिलेत: कामापुरती, मजेपुरती आणि माणसाच्या चांगुलपणासाठी जडलेली.

दोन्ही जड वाटत असतील तर तिसरी वाट आहे. ॲरिस्टॉटलनंतर त्याची शाळा सांभाळणाऱ्या थिओफ्रास्टसची तीस छोटी स्वभावचित्रं एका संध्याकाळी संपतात. त्यातला चिक्कू बायकोच्या हातून तांब्याचं नाणं पडलं तर पलंग, पेट्या, सगळं सामान हलवायला लावतो. तत्त्वज्ञान शोधू नका, करमणूक भरपूर आहे.

माझा कौल सांगतो. सत्ता, पुढारी, जमाव यांचं कोडं पडलं असेल तर प्लेटो घ्या. पहिला, दुसरा आणि आठवा भाग आधी, नगराचे नियम सावकाश. स्वतःचा राग, खर्च, मित्र यांचा गुंता असेल तर ॲरिस्टॉटल, पण पहिल्या भागाऐवजी दुसऱ्यापासून. पहिल्या भागात तो परमहिताच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या चांगल्या गोष्टीच्या, कल्पनेवरून गुरूशी वाद घालत बसतो, आणि प्लेटो न वाचलेला वाचक बहुतेक तिथेच पुस्तक मिटतो.