घरातले फ्लॅशचे फोटो: एव्ही मोड सोडला, एमवर स्थिरावले

"शटर युनिट बदलावं लागेल, साडेसहा हजार." दुरुस्तीच्या काउंटरवरून हे उत्तर मिळालं. माझी तक्रार एवढीच होती की घरात फ्लॅश लावून काढलेल्या फोटोंत चेहरे हललेले येतात. गॅलरीत, उन्हात हाच कॅमेरा चोख चालतो. मग शटर घरातच कसं बिघडतं, असं विचारलं तर उत्तर नाही, अंदाजपत्रक मात्र हातात. मी कॅमेरा उचलला, घरी आले आणि मॅन्युअल उघडलं. शटर ठणठणीत होतं. एव्ही मोडची (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो) वागणूकच तशी आहे.

एव्हीमध्ये फ्लॅश लावला तरी कॅमेरा खोलीच्या उजेडालाच मुख्य प्रकाश मानतो आणि फ्लॅश वरची भर समजतो. त्यामुळे ट्यूबलाइटच्या उजेडात शटर बिनदिक्कत १/८ सेकंदापर्यंत उतरतं. फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो, चेहरा त्यात गोठतो. पण शटर अजून उघडंच असतं, आणि तेवढ्यात माणूस हलला की ट्यूबच्या उजेडातली दुसरी, पुसट प्रतिमा पहिलीवर चढते.

यावर उपाय कॅमेऱ्यातच आहे. कस्टम फंक्शनमध्ये, चार पायऱ्या आत, 'एव्ही मोडमधला फ्लॅश सिंक वेग', म्हणजे फ्लॅश लावल्यावर शटर किती वेगाने चालावं, या नावाची ओळ आहे. पर्याय तीन: ऑटो, १/२०० ते १/६०, किंवा कायम १/२००. कारखान्यातून येतो तो ऑटोवर. घरगुती समारंभांसाठीच कॅमेरा घेणाऱ्या शेकडो घरांत ही एक ओळ न उघडल्यामुळे बारशाचे, साखरपुड्याचे फोटो वाया जात असणार, याचा मला अजून राग येतो. ती पहिल्या पानावर हवी होती. दुरुस्ती करणाऱ्याला तर ती माहीत हवीच. तुमचेही फोटो असे हलत असतील तर पैसे मोजण्याआधी पी मोडवर (छिद्र आणि शटर दोन्ही कॅमेराच ठरवतो तो) त्याच खोलीत एक फोटो काढा. फ्लॅश असताना पी मोड शटर १/६० च्या खाली नेत नाही. तो फोटो स्वच्छ आला, तर दुरुस्तीची गरज नाही.

गणपतीत मी मधला पर्याय लावला आणि खूश होते. पाचापैकी पाच गुण दिले असते. दिवाळीनंतर मत बदललं. चेहरे स्वच्छ, पण मागची खोली काळी, कंदील मलूल, समईची ज्योत कशीबशी दिसणारी. कारण आयएसओ (सेन्सर उजेड किती टिपतो त्याचा आकडा) ऑटोवर असला तर माझ्या कॅमेऱ्यात फ्लॅश लागताच तो ४०० वर अडकतो. शटर १/६० वर, आयएसओ ४०० वर. मग खोलीला उजेड मिळणार कुठून?

आता घरात सरळ एम, म्हणजे मॅन्युअल मोड: छिद्र आणि शटर दोन्ही आपणच लावायचं. एमवर फ्लॅशही हाताने लावावा लागतो असा समज आहे, तसं नाही. फ्लॅश टीटीएलवर (लेन्समधून आलेला उजेड मोजून फ्लॅशची ताकद आपोआप ठरते) ठेवला की चेहऱ्याचा हिशेब तोच करतो, आपण फक्त खोली सांभाळायची. माझं माप असं: छिद्र एफ/४, आयएसओ ८००, पूजेला बसलेल्यांसाठी १/५०. मुलं धावत असतील तर १/१०० आणि आयएसओ १६००. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा उणे एक-दीडवर राहिला तरी घाबरू नका, तो फक्त खोलीबद्दल बोलतोय. शटर कमीजास्त केलं की मागचा उजेड बदलतो, चेहरा जवळपास तसाच राहतो. १/५० आणि १/१०० हेच वेग का, तर आपली वीज ५० हर्ट्झची. साधी चोकवाली ट्यूब आणि स्वस्त एलईडी माळा सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. १/२०० वर त्यातला अर्धाच फेरा सापडतो आणि लागोपाठच्या दोन फोटोंत भिंतीचा रंग वेगळा येतो.

मुंबईतल्या वन रूम किचनचा इथे फायदाच आहे. छत बुटकं आणि पांढरं, फ्लॅशचं डोकं वर वळवलं की सगळीकडे मऊ उजेड. जरीचे काठ, पितळी ताटं, आरतीचं तबक समोर असेल तर टीटीएल फसतं आणि फोटो काळपट येतो. म्हणून फ्लॅश कॉम्पेन्सेशन (फ्लॅशची ताकद कमीजास्त करायची सोय) अधिक २/३ ठेवते.

पी मोड अजून एका कामासाठी ठेवलाय: कॅमेरा मामांच्या हातात द्यायचा असेल तेव्हा.

वाचलेल्या पैशांतून बोरा बाजारातून रिचार्जेबल सेल आणि चार्जर आणला. छतावर मारलेला फ्लॅश सेल भराभर खातो, त्यामुळे हा खर्च पटला.

दादरच्या लग्नाच्या हॉलमध्ये मात्र हे माप पुरत नाही. छत उंच, त्यात पिवळा रंग. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव उरतो, फ्लॅश पूर्ण ताकदीने पेटतो आणि पुन्हा भरायला इतका वेळ घेतो की अक्षता पडून जातात. तिथे सध्या आयएसओ १६००, एफ/२.८, आणि फ्लॅश छताऐवजी जवळच्या पांढऱ्या भिंतीकडे. भिंत रंगीत असेल तर फ्लॅश सरळ समोर. ते फोटो मला अजून आवडलेले नाहीत.