पुढचा रुपया कुठे: सुखोईची देखभाल, जग्वार की नवे तेजस?

भारतीय हवाई दलाला ४२ लढाऊ स्क्वाड्रन (साधारण १८ विमानांची एक तुकडी) मंजूर आहेत; २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिल्यानंतर त्यांपैकी २९ उरल्या. ही तूट भरण्याचे मार्ग ताडून पाहताना कागदावरची स्क्वाड्रनसंख्या आणि सकाळी धावपट्टीवर खरोखर तयार असणारी विमाने या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या पाहिजेत.

सर्वांत मोठा वाव सुखोई-३० मध्ये आहे. ही विमाने सुमारे २६० आहेत आणि एके काळी त्यांतली जेमतेम निम्मीच उड्डाणयोग्य असत, हे २०१५ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनीच मान्य केले होते. अशा ताफ्याची उपलब्धता एकूण विमानांच्या दहा टक्क्यांनी वाढली, तर सुमारे २६ विमाने, म्हणजे एका स्क्वाड्रनहून अधिक बळ, एकही नवे विमान न घेता हाती येते. त्यासाठी लागतात सुटे भाग, इंजिने आणि नाशिकजवळच्या ओझरला वेळेत होणारी मोठी दुरुस्ती. सप्टेंबर २०२४ मध्ये २४० इंजिनांसाठी झालेला सुमारे २६,००० कोटी रुपयांचा करार याच दिशेचा आहे. ८४ सुखोईंना नवे रडार आणि नवी यंत्रणा बसवण्याची योजना आवश्यकच आहे, परंतु त्या कामासाठी हँगरमध्ये गेलेले विमान स्क्वाड्रनच्या हिशेबात राहते, उडत मात्र नाही. म्हणून ते काम लहान तुकड्यांतच व्हावे.

जग्वारला हा न्याय लावता येत नाही. १९७९ पासून सेवेत असलेले हे विमान आता केवळ भारतच वापरतो, त्यामुळे सुट्या भागांसाठी इतर देशांनी निवृत्त केलेल्या सांगाड्यांवर अवलंबून राहावे लागते. नवे इंजिन बसवण्याचा प्रस्ताव खर्चामुळे बारगळला, ते माझ्या मते बरेच झाले. निवृत्तीपर्यंत सुरक्षित उडण्यापुरताच खर्च येथे योग्य ठरतो.

तेजस मार्क-१ए ची गोष्ट निराळी आहे. २०२१ मध्ये ८३ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांचा करार झाला, तरी पहिला पुरवठा मार्च २०२४ ची मुदत चुकवून बसला, कारण अमेरिकेतून येणाऱ्या इंजिनांचा पुरवठाच मार्च २०२५ पर्यंत सुरू झाला नाही. ओझरच्या नव्या जोडणी केंद्रातून ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिले तेजस उडाले, हा आनंद खराच. पण जोडणी कितीही वेगाने झाली, तरी इंजिनाविना ते विमान हँगरमध्येच उभे राहणार.

राफेल महागडे आहे आणि ३६ विमानांच्या दोनच स्क्वाड्रन होतात. मात्र त्या करारात ७५ टक्के उपलब्धतेची हमी पुरवठादाराकडून लिहून घेतली होती. तेजसच्या पुढच्या प्रत्येक करारात तशी अट घालावी, आणि तोवर पहिला रुपया सुखोईच्या सुट्या भागांवर खर्च करावा.