हॅवलॉक की नील? मैत्रिणीसोबत निवांत जायचं असेल तर

सोलापुरात उन्हाने जीव नकोसा झाला की आम्हा दोघींच्या गप्पा अंदमानवरच येतात, आणि तिथं गेल्यावर खरा प्रश्न हाच, मुक्काम हॅवलॉकला जास्त करायचा का नीलला. (२०१८ पासून नावं स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप आहेत, पण बोलताना सगळे जुनीच घेतात.) आपल्याकडनं चेन्नईला थेट रेल्वे आहे, तिथनं पोर्ट ब्लेअरचं (२०२४ पासून श्री विजयपुरम) विमान, पुढं फेरी, इथवर दोन्हीकडं सारखंच.

हॅवलॉकला राधानगर बीच आहे, लांबलचक पांढरी वाळू, मागं उंच झाडं, आणि स्कुबा (हवेची टाकी लावून पाण्याखाली पोहणं) करायचं मनात असेल तर सेंटरं पण इथंच जास्त. पण त्यामुळंच गर्दी, आणि एलिफंट बीचला बोटीनं जायचं तर सकाळ त्यातच जाते.

नील एवढंसं बेट, सायकलवर फिरून होतं. भरतपूर बीचचं पाणी उथळ, ओहोटीला खडकांच्या नैसर्गिक पुलापाशी चालत जाता येतं, फक्त भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून ठेवा. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून लक्ष्मणपूर बीचला चारलाच जाऊन बसा, शेंगाचटणी अन् कडक भाकरी सोबत असली तर अजून काय पाहिजे!

स्कुबा करायचंच असेल तर हॅवलॉक. नुसतं लोळायचं, मैत्रिणीशी पोटभर बोलायचं, तर मी डोळे झाकून नील सांगेन.